हे चर्च चर्चसारखं का दिसत नाही?

पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलचं छप्पर आणि शिखर १५ एप्रिल २०१९ च्या आगीत गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा होतं तसंच उभं केलेलं होतं: ओकच्या लाकडाचा तसाच सांगाडा, शिशाचं तसंच छप्पर, १९ व्या शतकात वास्तुकार व्हिओले-ल-द्युक यांनी चढवलेलं होतं तसंच शिखर. जग खूश झालं. पण त्याच महिन्यात आणखी एक घोषणा झाली. दक्षिणेकडच्या सहा खिडक्यांना क्लेअर ताबुरे या आजच्या चित्रकर्तीने योजलेल्या नव्या रंगीत काचा बसवायच्या. आधीच्या काचा आगीतून सहीसलामत वाचल्या होत्या. मग त्या काढायच्या कशाला, असं विचारत लाखाहून जास्त लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या.

या भांडणाच्या मुळाशी साधा प्रश्न आहे. देवाचं घर जुन्या घरासारखंच दिसायला हवं का? आणि नवं बांधायचं झालं तर कशाच्या आधारावर?

फ्रान्समध्येच, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, या प्रश्नाला सत्तरेक वर्षांपूर्वी दिलेलं एक उत्तर उभं आहे: ल आव्र या बंदरातलं सेंट जोसेफ चर्च. १०७ मीटर उंच, पायापासून टोकापर्यंत काँक्रीट. दारावर संतांच्या मूर्तींची रांग नाही, टोकदार कमानी नाहीत. समुद्रातून येणाऱ्याला ते दीपगृहच वाटतं. आपल्याकडे दादरला पोर्तुगीज चर्चच्या नाक्यावरून रोज हजारो माणसं जातात. त्यातल्या पुष्कळांना कोडं पडत असणार की नावात पोर्तुगीज असलेल्या या जागेत पोर्तुगीज नेमकं आहे काय? दिसतात ती तर काँक्रीटची वळणदार कवचं.

दोन्ही कोडी सुटतात ती आत गेल्यावर. वेदी कुठे ठेवली आहे आणि माणसं तिच्याभोवती कशी बसतात, हे आधी पाहायचं. भिंती, उंची, उजेड हे सगळं त्यातून निघतं. हे एकदा लक्षात आलं की अशा इमारती रुक्ष वाटेनाशा होतात. मला त्या मनापासून आवडतात, आणि का आवडतात ते सांगण्यासाठीच हा लेख.

आधी तीन शब्द

वसई-मुंबईच्या ख्रिस्ती वाचकांना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना. येशूने शिष्यांसोबत घेतलेल्या शेवटच्या भोजनाचं स्मरण करून भाकर आणि द्राक्षारस अर्पण केला जातो. ज्या मेजावर हे होतं ती वेदी. आणि धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या हद्दीत राहणारी सगळी कॅथलिक कुटुंबं. त्यांचे बाप्तिस्मे, लग्नं, अंत्यविधी त्याच चर्चमध्ये होतात, नोंदीही तिथल्याच वह्यांत.

कॅथेड्रल हे बिशपचं चर्च असतं, धर्मग्रामाचं चर्च हे वस्तीचं. सेंट जोसेफ दुसऱ्या प्रकारातलं आहे. उंची पाहून ते कॅथेड्रल असेल असा समज होतो, पण ल आव्रचं कॅथेड्रल वेगळं आहे, जुनं, दगडी आणि सेंट जोसेफच्या मानाने अगदी बुटकं. शहरातली सगळ्यात उंच धार्मिक इमारत वस्तीच्या चर्चची असावी, ही गोष्ट नेहमीची नाही. ती तशी का झाली हे कळायला १९४४ मध्ये जावं लागतं.

सप्टेंबर १९४४

ल आव्र हे सीन नदीच्या मुखावरचं बंदर. १५१७ मध्ये राजा फ्रान्सिस पहिला याने ते वसवलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्याचा किल्लाच करून टाकला होता. २५ ऑगस्ट १९४४ ला पॅरिस मुक्त झालं तरी ल आव्रमधली जर्मन फौज हटली नाही, आणि दोस्त राष्ट्रांना तर रसद उतरवायला बंदर हवं होतं. ५ आणि ६ सप्टेंबरला ब्रिटिश विमानांनी शहरावर बाँब टाकले. शहराचा मध्यभाग भुईसपाट झाला. त्यात दोन हजारांच्या आसपास नागरिक मारले गेले. १२ सप्टेंबरला शहर मुक्त झालं तेव्हा मुक्त करायला मध्यभाग उरलाच नव्हता. युद्धाच्या सगळ्या वर्षांचा हिशेब मांडला तर साधारण १२,५०० इमारती नष्ट आणि ८०,००० माणसं बेघर.

हे दुःख दुहेरी होतं. ज्यांची वाट पाहिली त्यांच्याच बाँबनी घर गेलं. त्यामुळे तिथला शोक साधा नव्हता. ज्या वस्तीचं जुनं सेंट जोसेफ चर्च या बाँबहल्ल्यात गेलं, तिला नवं चर्च हवं होतं, आणि शहराला आपल्या मृतांची आठवण ठेवणारी एखादी जागा. दोन्ही गरजा एकाच इमारतीने भागवायच्या ठरलं. त्या मनोऱ्याची उंची या दुसऱ्या गरजेतून आली आहे. तो मिरवण्यासाठी बांधलेला नाही. बंदराकडे येणाऱ्या प्रत्येक जहाजाला तो लांबून दिसावा असाच आहे.

सत्तरी ओलांडलेला वास्तुकार आणि पडून राहिलेला आराखडा

१९४५ मध्ये ल आव्रच्या पुनर्बांधणीची सूत्रं ओग्युस्त पेरे यांच्याकडे आली. तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. सळयांचं काँक्रीट, ज्याला आपण सरसकट आरसीसी म्हणतो, ते घरांना आणि प्रार्थनास्थळांनाही शोभू शकतं हे ज्यांनी आधी दाखवून दिलं त्यांच्यापैकी हे एक. पुढे चंदीगड आखणारे वास्तुकार ल कॉर्बुझिए तरुणपणी काही काळ त्यांच्याच ऑफिसात काम शिकले होते. १९२३ मध्ये पेरे यांनी पॅरिसजवळ ल रॅन्सी इथे एक चर्च बांधलं. त्याच्या भिंती म्हणजे जवळपास फक्त काँक्रीटच्या जाळ्या आणि त्यात रंगीत काचा. तेव्हा ते पाहून लोक थक्क झाले होते.

१९२६ मध्ये पॅरिसला संत जोन ऑफ आर्कच्या चर्चसाठी स्पर्धा झाली. पेरे यांनी २०० मीटर उंच मनोऱ्याचा प्रस्ताव दिला. तो निवडला गेला नाही. पंचवीस वर्षांनी ल आव्रमध्ये त्यांनी तीच कल्पना पुन्हा हाती घेतली, जवळपास निम्म्या उंचीवर आणली आणि नव्या कारणासाठी वापरली. ऑक्टोबर १९५१ मध्ये पायाचा दगड बसला. फेब्रुवारी १९५४ मध्ये पेरे वारले. त्यांच्या सहकाऱ्यांनी काम तडीला नेलं आणि १९५७ मध्ये चर्च पुरं झालं.

बांधणी समजायला सोपी आहे. जमिनीवर साधारण ४० मीटर बाजूचा चौरस घ्या. त्याच्या चार कोपऱ्यांकडे चार-चार खांबांचे चार गट, म्हणजे एकूण सोळा खांब, प्रत्येक २५ मीटर उंच. त्यांच्या माथ्यावरून तिरक्या तुळया आत झुकतात आणि त्यांच्यावर आठ बाजूंचा पोकळ मनोरा उभा राहतो. सगळा भार त्या सोळा खांबांतून जमिनीत उतरतो. त्यामुळे मध्ये एकही खांब लागत नाही आणि मनोऱ्याखालची सगळी जागा मोकळी राहते.

मनोरा पोकळ आहे हे महत्त्वाचं. बहुतेक चर्चचा मनोरा घंटेसाठी असतो, दाराशी किंवा बाजूला. आत बसलेल्या माणसाला तो दिसत नाही. इथे तो थेट उपासकांच्या डोक्यावर आहे आणि आतून उघडा आहे. मान वर केली की नजर ८० मीटरांहून जास्त उंच जाते.

वेदी भिंतीपासून सुटते

आता मुख्य गोष्ट. शतकानुशतकं कॅथलिक चर्चचा आराखडा लांबट होता. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकलेली वेदी. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून, म्हणजे लोकांकडे पाठ करून, लॅटिनमध्ये मिस्सा अर्पण करत. लोक मागे रांगांत. पुष्कळदा वेदी आणि लोक यांच्यामध्ये जाळी किंवा कठडा. मागच्या रांगेतल्या माणसाला पुढे काय चाललं आहे ते धड दिसत नसे आणि ऐकू आलं तरी कळत नसे. तो आपल्या जपमाळेवर आपली प्रार्थना म्हणत बसे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बेल्जियम, जर्मनी, फ्रान्समधल्या काही धर्मगुरूंना हे खटकत होतं. मिस्सा ही पाहायची गोष्ट नाही, सगळ्यांनी मिळून करायची गोष्ट आहे, असं ते सांगू लागले. तसं असेल तर माणसं वेदीच्या जवळ हवीत. भोवती हवीत. वारीतलं गोल रिंगण डोळ्यांसमोर आणा. मधल्या मोकळ्या जागेत काय चाललं आहे ते सगळ्यांना दिसतं, समोरच्या बाजूचे वारकरीही दिसतात, आणि पहिली रांग-शेवटची रांग हा भेद फारसा उरत नाही. आराखडा बदलला की माणसाची भूमिका बदलते. तो प्रेक्षक राहत नाही.

पेरे यांनी सेंट जोसेफमध्ये वेदी मधोमध ठेवली, बरोबर त्या पोकळ मनोऱ्याखाली. तिच्याभोवती लोकांच्या जागा. आणि हे सगळं रोमने तसं सांगायच्या आधी. दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची सुधारणांसाठी भरलेली सभा, १९६२ ते १९६५ या काळात झाली. उपासनेबद्दलचा तिचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ ला जाहीर झाला. लोकांनी उपासनेत जाणतेपणाने आणि सक्रियपणे भाग घ्यावा हा त्याचा गाभा. लोकांच्या भाषेत उपासना करायला वाट मोकळी झाली. पुढच्याच वर्षी निघालेल्या सूचनांनी सांगितलं की मुख्य वेदी भिंतीपासून सुटी असलेली बरी, म्हणजे तिच्याभोवती फिरता येईल आणि लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करता येईल.

सेंट जोसेफ तेव्हा बांधून होऊन सात वर्षं झाली होती. अशी चर्च पाहताना नेहमी वाटतं की इथे वास्तुकार धर्मसत्तेच्या एक पाऊल पुढे चालत होते, आणि त्यांना पुढे चालू देणारे धर्मगुरूही होते. दुसरी गोष्ट जास्त दुर्मीळ आहे.

एक बारीक तपशील मला फार आवडतो. इथली बाकं नेहमीची लांबलचक लाकडी बाकं नाहीत. नाट्यगृहात असतात तशा एकेकट्या, बैठक दुमडणाऱ्या लाकडी खुर्च्या आहेत. प्रत्येक माणसाला त्याची स्वतःची जागा.

१२,७६८ काचा

रंगीत काचांचं काम मार्गरीत उरे यांचं. ल रॅन्सीच्या चर्चच्या काचाही त्यांनीच घडवल्या होत्या. म्हणजे तीस वर्षांनी पेरे यांनी त्याच कारागिराला बोलावलं. सेंट जोसेफमध्ये एकूण १२,७६८ काचा आहेत, हाताने फुंकून केलेल्या जुन्या पद्धतीच्या. अशा काचेची जाडी सगळीकडे सारखी नसते, आत बुडबुडे राहतात. त्यामुळे एकाच काचेतून येणारा उजेडही एकसारखा नसतो.

आणि या १२,७६८ काचांत एकही चित्र नाही. संत नाहीत, देवदूत नाहीत, बायबलमधला प्रसंग नाही. फक्त रंग. सात मुख्य रंग आणि त्यांच्या कितीतरी छटा. पण ते कसेही उधळलेले नाहीत. उत्तर आणि पूर्वेकडे थंड रंग, निळे-हिरवे-जांभळे. दक्षिण आणि पश्चिमेकडे ऊबदार रंग, पिवळे-केशरी-लाल. खाली गडद आणि जसजसं वर जाल तसतसे फिके होत होत मनोऱ्याच्या टोकाशी जवळपास पांढरे.

याचा परिणाम असा की इमारतीत दिवसभर काहीतरी घडत राहतं. सकाळी खांबांवर निळसर उजेड असतो. दुपार कलली की पश्चिमेची बाजू पेटते आणि तोच करडा काँक्रीटचा खांब नारिंगी दिसायला लागतो. ल आव्र समुद्रकाठी आहे. तिथे ढग झपाट्याने येतात आणि जातात. एक ढग सरकला की सगळं आतलं रूप पालटतं. त्या रंगांसाठी काँक्रीट करडंच असायला हवं होतं. संगमरवर किंवा सोनेरी नक्षी असती तर रंग त्यावर असे उमटलेच नसते.

“पण काँक्रीट म्हणजे गोदामच ना?”

हा आक्षेप सगळ्यात जुना, आणि आपल्याकडे तर स्वाभाविक. आपण काँक्रीट पाहतो ते गिलावा निघालेलं, काळपट, पावसाने ओघळलेलं. पेरे यांचं म्हणणं होतं की त्यांचं काँक्रीट दगडाहून सुंदर आहे, आणि ते त्यावर तशी मेहनत घेत. त्यांच्या ल आव्रमधल्या इमारतींना जवळ जाऊन हात लावून पाहावा. सेंट्रिंग काढल्यावर वर सिमेंटचा जो गुळगुळीत पापुद्रा राहतो, तो कारागिरांनी हत्याराने टोचून टोचून काढलेला असतो. खालची खडी उघडी पडते. कुठे फिकी गुलाबी, कुठे पिवळसर, कुठे राखाडी. खांबाच्या कडांना मात्र बोटभर पट्टी गुळगुळीत सोडलेली, म्हणजे धार स्वच्छ दिसते. पाथरवटाचं काम आहे हे, फक्त दगड माणसाने ओतलेला आहे. शिवाय शहराच्या पुनर्बांधणीत पडलेल्या घरांचा राडारोडा चुरून खडी म्हणून वापरला गेला.

खांब लपवणारा चूक करतो आणि खोटा खांब उभारणारा गुन्हा करतो, असं पेरे म्हणत. सेंट जोसेफमध्ये जो खांब दिसतो तो खरोखर भार वाहतो. न वाहणारा एकही तिथे नाही. प्रार्थनेच्या जागेत हा प्रामाणिकपणा मला नक्षीपेक्षा मोलाचा वाटतो.

“जुनं होतं तसंच का नाही बांधलं?”

नोत्र-दामचं केलं तसं इथे का नाही केलं? एक तर नोत्र-दाम जळलं तरी उभं होतं. भिंती, दर्शनी मनोरे, बहुतेक सगळ्या कमानी शाबूत होत्या. छप्पर आणि शिखर परत चढवायचं होतं. ल आव्रमध्ये भोवतालचे रस्तेसुद्धा उरले नव्हते. जुनं सेंट जोसेफ हुबेहूब उभारलं असतं तर ते एका अनोळखी शहरात एकटंच पडलं असतं, कारण पेरे आणि त्यांचे सहकारी सगळं शहरच ६.२४ मीटरच्या ठरावीक मापाच्या चौकटीत नव्याने आखत होते.

दुसरं कारण मनाचं आहे. हुबेहूब नक्कल उभी केली की काही झालंच नव्हतं असं वाटू लागतं. ज्या चर्चला बाँबहल्ल्यातल्या मृतांचं स्मारकही व्हायचं होतं, त्याला ते चाललं नसतं. इतर शहरांनी वेगळे मार्ग घेतले. वॉर्साने आपला जुना भाग जवळपास होता तसा पुन्हा उभारला, आणि तिथल्या लोकांसाठी तो निर्णय योग्यच होता. नाझींनी ते शहर पुसून टाकायचं ठरवलं होतं, त्याला तेच उत्तर होतं. प्रत्येक उद्ध्वस्त शहराचं औषध एक नसतं.

“माणसं बेघर असताना एवढा मनोरा?”

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. ल आव्रमध्ये कित्येक कुटुंबं वर्षानुवर्षं बराकींत राहत होती. पण पैशांचा प्रवाह समजून घ्यायला हवा. फ्रान्सने ऑक्टोबर १९४६ मध्ये कायदा करून युद्धात नष्ट झालेल्या मालमत्तेची भरपाई देण्याची जबाबदारी घेतली. घर गेलं त्याला घराची, दुकान गेलं त्याला दुकानाची, चर्च गेलं त्याला चर्चची. कामाचा क्रमही पाहावा. पेरे यांच्या चमूने आधी घरं हातात घेतली होती, हवेशीर, दोन्ही बाजूंनी उजेड येणारी, आतून गरम ठेवण्याची सोय असलेली. त्यातला एक फ्लॅट तेव्हाच्या सामानासकट आज लोकांना पाहायला खुला आहे. चर्चचा पायाचा दगड त्यानंतर बसला.

“मूर्ती आणि चित्रं कुठे गेली?”

पुष्कळ श्रद्धाळूंची खरी तक्रार ही असते. जिच्यापुढे मेणबत्ती लावायची ती मूर्तीच नसेल तर मन कुठे टेकायचं? ही तक्रार फ्रान्समध्येही झाली आणि तिच्यात तथ्य आहे. युद्धानंतरच्या काही चर्चमध्ये भिंती इतक्या कोऱ्या ठेवल्या की म्हाताऱ्या माणसांना परक्याच्या घरात आल्यासारखं वाटलं. फक्त कोरं केल्याने जागा पवित्र होत नाही. सेंट जोसेफ त्या चुकीतून वाचलं ते उरे यांच्या काचांमुळे. चित्र काढून घेतलं, पण त्या बदल्यात उजेड दिला, आणि तोही कसाही नाही, दिशेनुसार, वेळेनुसार, खालून वर जाणारा. जिथे असं काही मिळत नाही तिथे लोकांची तक्रार मला मान्य आहे.

नोत्र-दामच्या सहा खिडक्यांच्या वादातही मी हाच निकष लावीन. काच नवी आहे का जुनी, यापेक्षा तिच्यातून येणारा उजेड त्या दगडावर काय करतो ते पाहायला हवं. मात्र शाबूत असलेली जुनी काच काढून नवी बसवण्यात आणि पडलेल्या शहरात नवी बसवण्यात फार मोठा फरक आहे, हे विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं.

दादरपर्यंत

दादरच्या चर्चचं खरं नाव अवर लेडी ऑफ साल्व्हेशन, पोर्तुगीजमध्ये साल्व्हासाव. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५९६ मध्ये इथे पहिलं चर्च उभारलं, म्हणून लोकांच्या तोंडी पोर्तुगीज चर्च. आजची इमारत मात्र वास्तुकार चार्ल्स कोरिया यांची, १९७४ ते १९७७ मधली. कोरिया गोव्याच्या मुळांच्या कॅथलिक कुटुंबातले. त्याआधी साबरमतीचं गांधी स्मारक संग्रहालय त्यांनी बांधलं होतं.

ल आव्रशी दादरचं थेट नातं नाही. पण मधल्या काळात व्हॅटिकन परिषद होऊन गेली होती. डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे मुंबईला येऊन गेले होते, भारतात येणारे ते पहिले पोप. वसईत मिस्सा मराठीत होऊ लागली होती. उपासनेची भाषा बदलली, वेदी पुढे आली, आणि नवं चर्च बांधणाऱ्याला लांबट दिवाणखान्यासारख्या आराखड्याचं बंधन उरलं नाही.

कोरियांनी ते स्वातंत्र्य आपल्या हवेसाठी वापरलं. येशूच्या जीवनातले बाप्तिस्मा, लोकांमध्ये केलेला उपदेश आणि अखेरचं भोजन-बलिदान असे टप्पे मनात धरून त्यांनी एकात एक गुंतलेल्या जागा आखल्या, काही छपराखाली, काही उघड्या आकाशाखाली. अंगणं आणि दालनं आलटून पालटून. छपराखालच्या जागांवर काँक्रीटची उंच कवचं, वरच्या टोकाला उघडी. गरम हवा वर चढते आणि तिथून बाहेर पडते, तिच्या जागी अंगणातली हवा आत येते. मुंबईच्या मे महिन्यात भरगच्च मिस्सेला बसलेल्या माणसाला याचं महत्त्व सांगावं लागत नाही. रस्त्यावरून विचित्र दिसणारी ती कवचं म्हणजे चर्चची धुराडी आहेत, फक्त धुराऐवजी उष्मा बाहेर टाकणारी.

पेरे यांनी फ्रान्सच्या ढगाळ किनाऱ्यावर उजेड वेचला, कोरियांनी दादरला वारा. वेदीभोवती लोकांना एकत्र आणायचं हा हेतू दोघांचाही.

हे टिकणार आहे का?

काँक्रीट अमर नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत झिरपतो, काँक्रीटमुळे सळईला मिळणारं संरक्षण जातं, सळई गंजून फुगते आणि वरचा थर फोडते. मुंबईत प्रत्येक जुन्या सोसायटीच्या स्लॅबखाली हे पाहायला मिळतं, समुद्राच्या खाऱ्या हवेत तर लवकरच. पेरे यांच्या ल रॅन्सीच्या चर्चमध्ये सळयांवरचा थर पातळ होता, त्यामुळे पुढे मोठी दुरुस्ती करावी लागली. तेव्हा तंत्र नवं होतं, कुणालाच पुरता अंदाज नव्हता.

फरक पडतो तो इमारतीला किंमत कोण देतं यामुळे. फ्रान्सने सेंट जोसेफला १९६५ मध्येच ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला, पुरं झाल्यावर अवघ्या आठ वर्षांनी. २००५ मध्ये पेरे यांचं सगळं ल आव्र युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. शहराच्या स्थापनेला ५०० वर्षं झाली तेव्हा, २०१७ मध्ये, जपानी कलाकार चिहारू शिओता यांनी त्याच मनोऱ्याखाली लाल धाग्यांची प्रचंड रचना टांगली होती.

आपल्याकडे दिल्लीचा हॉल ऑफ नेशन्स, काँक्रीटचं १९७२ चं प्रदर्शन दालन, वास्तुकार राज रेवाल यांनी बांधलेलं, एप्रिल २०१७ मध्ये पाडलं गेलं. वारसा समितीने आधीच सांगून टाकलं होतं की साठ वर्षं पुरी न झालेल्या इमारतींचा विचार होणार नाही. पणजीच्या कला अकादमीत, जी कोरियांचीच, जुलै २०२३ मध्ये नूतनीकरण चालू असताना खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं. दादरच्या चर्चला २०२७ मध्ये ५० वर्षं होतील. त्याच्या कवचांची जाणकारांकडून नीट तपासणी व्हावी, मूळ आराखडे सांभाळले जावेत, आणि वयाची साठी गाठायची वाट न पाहता त्याच्याकडे वारसा म्हणून पाहिलं जावं, ही मागणी आत्ताच करायला हवी. दादरच्या धर्मग्रामाने तर करावीच, पण तिथून रोज जाणाऱ्या बाकीच्या दादरकरांनीही.